जुन्या गावातल्या खडूच्या फुल्या

दगड उचलायचा तर आपल्यापासून लांबची कड वर करून तो आपल्या अंगावर घ्यायचा. मग त्याचं तोंड पलीकडे उघडतं. खाली फुरसं असलं तर त्याला पळायला वाट मिळते, आणि ते आणि आपले पाय यांच्यामध्ये दगड आडवा राहतो. जे दिसेल ते बघायचं, मोजायचं, आणि दगड होता तसाच, त्याच खळग्यात, त्याच अंगानं परत ठेवायचा. हे शेवटचं काम करायला बहुतेकांना कंटाळा येतो. दगडाखालची ओल एकदा उन्हाला लागली की तिथं पुन्हा लवकर कुणी राहायला येत नाही. मी एकही दगड उलटा टाकून पुढे गेले नाही. या शहाणपणाचा मला फार ताठा होता.

तेव्हा मी लातुरात एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. मूळची कंधारची. वडील मुखेडच्या गाड्यांवर कंडक्टर, आणि लेकीनं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. माझे मार्क कमी पडले. मग ज्यांचे कमी पडू नयेत अशा पोरींना शिकवायला मी लातूरला आले. शहरात जिथं म्हणून भिंत होती तिथं कुणाचा तरी पहिला आलेला मुलगा हसत असायचा. खोल्यांमध्ये पोरं, गच्चीवर पोरं, जिन्याखालीही एखादी खाट आणि तिच्यावर पुस्तक पालथं घालून झोपलेलं पोर. पाण्याला टँकर आणि डोक्याला बाम यांवर ते गाव चाललं होतं. मी बेडकाचं हृदय फळ्यावर काढायची, पोरी ते उतरवून घ्यायच्या, आणि खरा बेडूक दिसला की किंचाळून बाकावर चढायच्या. मला संताप यायचा. पण पगार त्याच पोरींच्या फीमधून यायचा, त्यामुळे संताप गिळून मी पुढचा कप्पा काढायची.

रविवार माझा. नांदेडच्या सरांच्या हाताखाली मी पीएच.डी.ला नाव घातलं होतं. या भागात सरपटणारे प्राणी कुठे, कोणते, किती, एवढाच साधा प्रश्न. पण प्रत्येक जागेला वेगळी रीत लागते. माळावर सरळ रेघ धरून चालायचं आणि दोन्ही हातांना ठरावीक अंतरापर्यंत जे दिसेल तेच मोजणीत धरायचं; त्यापलीकडे अजगर पडला असला तरी तो आपला नाही. गोदावरीच्या काठाला उन्हं वर आली की लांबून दुर्बिणीनं बघायचं, कारण कासव आपल्याआधी आपल्याला बघतं. कंधारच्या किल्ल्यात भिंतीसमोर गप्प बसून फटी न्याहाळायच्या. काळ्या रानात तर काहीच दिसत नाही, म्हणून तिथं प्लास्टिकच्या कागदाचं बुटकं कुंपण घालून त्याच्या कडेनं बादल्या पुरायच्या. कुंपणाच्या कडेनं चालत आलेला जीव बादलीत पडतो, सकाळी जाऊन मोजायचा आणि सोडायचा.

एकदा क्लासच्या संचालकांनी अचानक जादा बॅच लावली. मला जाता आलं नाही, आणि बादल्यांवर झाकण टाकायलाही कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेले तर एका बादलीत सापसुरळी वाळून पडली होती. निळी शेपटी, लहानच होती. मी तिला हातावर घेऊन बांधावर बसले आणि स्वतःला शिव्या दिल्या. त्यानंतर बादल्या कायमच्या उपटल्या. आपल्या हातून होईल ती चूक ती हीच, आणि तिच्यातून आपण शिकलो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

माणसांनी सोडून दिलेली एखादी जागा मला हवी होती. ती शोधावी लागली नाही. रविवारी हिंडताना औशाच्या पुढे एसटीच्या खिडकीतून दिसायची: भूकंपात बसलेलं एक गाव. माणसं कधीच पलीकडच्या नव्या गावात, सरकारी घरांत गेली होती. जुन्या जागी दगडांचे ढीग, पांढरी माती, वेडी बाभूळ आणि हातभर गवत.

भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. पहाटे कंधारला आमच्या फळीवरची भांडी खडखडली होती, आणि मग कितीतरी दिवस वडिलांच्या गाडीच्या टपावरून भाकरींची पोती गेली. आईनंही थापल्या होत्या. त्या गावांशी माझा संबंध एवढाच. पहिल्यांदा मी ढिगाऱ्यात पाय ठेवला तेव्हा चपला काढाव्या का असं मनात आलं. मग फुरशाचा विचार केला आणि बूट घट्ट बांधले.

आणि काय सांगू, मी तिथं हरखून गेले. जाड दगडी भिंतींचे ढीग, आत पोकळ्या, पोकळ्यांत गारवा, किडे भरपूर, आणि काठी घेऊन धावणारं कुणी नाही. माळावर दिवसभर वणवण करून जेवढं दिसायचं नाही तेवढं तिथं एका सकाळी दिसायचं. सरडे, सापसुरळ्या, दगडाला चिकटवलेली पालींची पांढरी अंडी, एका चुलीच्या खळग्यात वेटोळं घालून बसलेली धामण. सगळ्या जागांमध्ये ही जागा सरस, असं मी सरांना फोनवर सांगितलं आणि माझा आवाज आनंदानं चढला होता. फोन ठेवल्यावर मला ते बोलणं आठवून कसंतरी झालं. जिथं माणसं गाडली गेली ती जागा मी भाजीवालीनं ताजी मेथी दाखवावी तशी दाखवत होते. पण पुढच्या रविवारी मी परत गेलेच.

एकदा बघितलेला दगड पुन्हा उचलला जाऊ नये म्हणून त्याच्यावर खूण करावी लागते. माझ्या पर्समध्ये क्लासचे खडू कायम असायचे. दगड जागेवर ठेवला की मी त्याच्यावर फुली मारायची. ओळीनं, घराघरातून, पांढऱ्या फुल्या.

जेवायला मी एका मावशींच्या खानावळीत जायची. दोन खोल्या, पुढच्या खोलीत पोरींच्या पंगती, आत चूल आणि गॅस दोन्ही. मावशींचा हात भाकरीवर असा पडायचा की बोलता बोलता परात रिकामी व्हायची. पोरींना त्या नुसतं जेवू घालत नसत, दमही भरत. "भात टाकला का? टाकला तर पेपरात भोपळा येतो बघ." पोरी हसायच्या आणि भात संपवायच्या. मावशी भूकंपाच्या गावच्या आहेत हे मला ठाऊक होतं. त्या काळी लातुरात निम्मी माणसं तिकडचीच होती आणि त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नसे. कोणत्या गावच्या, हे मीही विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी पोरी जेवून अभ्यासाला गेल्यावर मावशी माझ्या ताटासमोर येऊन बसल्या. एरवी त्या बसत नसत.

"बाई, दिराचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "जुन्या गावात दगडांवर फुल्या केल्यात म्हनं. पांढऱ्या. आमच्याबी घरावर हायत."

माझा घास हातातच राहिला.

"त्या वक्ताला मिलिटरीवाले अशीच फुली मारायचे, चुन्याची," त्या सांगू लागल्या. "ज्या घराचा ढीग उपसून झाला, आत कुनी न्हाई अशी खात्री झाली, त्या घरावर फुली. आमच्यावर मारली न्हाई. वास सुटला, रोगराई येती म्हनले, अन् राहूनच गेलं. आता फुली हाय म्हंजे कुनीतरी बघून गेलं, न्हाई का? तुम्ही शिकलेल्या हाव. काय निघालं ते कुनाला इचारायचं?"

काय निघालं ते मला माहीत होतं. फुली मारलेल्या घरांतून सापसुरळ्या, पाली आणि फार तर एखादा विंचू निघाला होता.

थापा मारायला मला कधी जमलं नाही, आणि त्या वेळी तर विचार करण्याइतकंही भान नव्हतं. "मावशी, त्या फुल्या माझ्या आहेत," मी म्हणाले. "खडूच्या. मी पाली-सापांची मोजणी करते ना, दगड उचलून. बघितलेल्या दगडाला खूण करते. वरचेच दगड बघितलेत फक्त. ते तुमचं घर आहे हे मला माहीत नव्हतं."

हे शेवटचं वाक्य बोलताना मला स्वतःचीच चीड आली. कुणाचं तरी घर आहे, एवढं तर माहीत होतंच.

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या ताटात आमटी वाढली. मग म्हणाल्या, "म्हंजे बघून झालंच न्हाई अजून."

त्यांची लेक अंगणवाडीत जायच्या वयाची होती. बहिणीचं बाळंतपण होतं म्हणून मावशी आणि त्यांचा नवरा मुरुडला, त्यांच्या माहेरी गेले होते. लेकीला गणपती बुडवायला जायचं होतं, ती हटून बसली, म्हणून आजीजवळ ठेवली. विसर्जन झालं आणि पहाटे सगळं झालं. हे दोघं पायी, ट्रॅक्टरवर, मिळेल तसे पोचले तोवर सासूबाईंना काढलं होतं. लेकीचं कुणी सांगेना. कुणी म्हणे, काढली, सगळ्यांसोबत अग्नी दिला. कुणी म्हणे, न्हाई, त्या घरातून एकच निघालं. नवऱ्यानं हातांनी उपसायला घेतलं, त्याला धरून बाहेर काढलं. तो पुढे फार जगला नाही.

"आता बारावीला असती," मावशी पोरींच्या रिकाम्या पाटांकडे बघत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दगड उचलताच हाव. वरचं उचललं तसं खालचं उचलाल का? मी येते संगं. मला एकदा कळू द्या, ती तिथं हाय का न्हाई."

नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

रविवारी खानावळ बंद ठेवून मावशी माझ्याबरोबर आल्या. पोरींना शनिवारीच धपाटे बांधून दिले होते. फाट्यावर उतरून आम्ही जुन्या गावात शिरलो. मी नेहमीसारखी ढिगाऱ्यावरून सरळ निघाले. मावशी सरळ चालेनात. गवतातून जाताना त्या मध्येच डावीकडे वळायच्या, थोडं जाऊन उजवीकडे. मला आधी वाटलं, काट्यांमुळे. मग लक्षात आलं की त्या गल्लीतून चालत होत्या. मी आजवर लोकांच्या घरांतून, देवघरांतून, चुलींवरून बूट घालून गेले होते. मी मुकाट्यानं त्यांच्या मागे चालू लागले.

घरापाशी आल्यावर त्यांनी उंबऱ्याचा दगड ओळखला आणि त्याला हात लावून कपाळाला लावला. दगडावर माझी फुली होती. त्यांच्या कपाळावर खडूची पूड लागली. मी सांगितलं नाही, पुसलीही नाही. हिंमतच झाली नाही.

मग आम्ही दगड उचलू लागलो. मी त्यांना रीत शिकवली: लांबची कड वर, दगड अंगावर. मोठ्या दगडांना एका टोकाला त्या, एका टोकाला मी. त्यांचे हात माझ्यापेक्षा किती तरी बळकट होते. खाली कोसळलेल्या माळवदाच्या छपराची पांढरी माती, वाळवीनं खाल्लेलं लाकूड, चेपलेला तांब्या, विजेच्या वायरीचा तुकडा. प्रत्येक वेळी दगड हलला की मावशी श्वास धरायच्या, ते मला ऐकू यायचं. आणि प्रत्येक वेळी दगडाखाली काही वळवळलं की माझे डोळे आधी तिकडे जायचे. हे मी ठरवून करत नव्हते. दोन वर्षांची सवय होती ती. मी स्वतःला बजावत होते, आज नाही, आज तू त्यासाठी आलेली नाहीस. डोळे ऐकत नव्हते.

दुपार कलली. मावशी पलीकडच्या कोपऱ्यात, जिथं आजी आणि नात निजायच्या तिथं, माती सारत होत्या. मी भिंतीच्या बुडाशी एक चपटा दगड एकटीनंच वर केला.

खाली ती होती. जाड शेपटीची, पिवळसर अंगावर काळे ठिपके, वीतभर लांब. साध्या पालीला पापणी नसते, तिला डोळे मिटता येत नाहीत. हिला येतात. या एका पालीसाठी मी बालाघाटचे डोंगर पालथे घातले होते, कंधारच्या किल्ल्याच्या फटी मोजल्या होत्या, आणि आपल्या भागात ती नसावीच असं सरांनी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

मी आनंदानं किंकाळी मारली.

मागे धप्प आवाज झाला. मावशींच्या हातातला दगड पडला होता. त्या दगडांवरून, अडखळत, पदर काट्यात अडकला तो तसाच ओढून, धावत आल्या आणि माझ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. "कुठंय?" त्या म्हणाल्या. "कुठंय ओ बाई?"

मी त्यांच्याकडे वळले तेव्हा माझा चेहरा हसत होता. ओठ मिटले तरी हसू गालांवर तसंच राहिलं होतं. आज इतक्या वर्षांनी मला कुठल्या गोष्टीची लाज वाटत असेल तर ती फुल्यांची नाही. फुल्या अजाणता झाल्या. ते हसू माझं होतं, आणि मावशींनी ते अगदी जवळून बघितलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दगडाखाली. पालीनं त्यांच्यासमोर डोळे मिटले आणि उघडले. अशा पालीला आमच्याकडे लोक भयंकर विषारी समजतात आणि दिसली की ठेचतात. ती कुणालाही काही करत नाही. मी दगड एका हातानं तोलत होते, त्यामुळे मावशींनी काही केलं असतं तर मला अडवता आलं नसतं. आणि खरं सांगते, अडवायचा अधिकारही मला वाटत नव्हता.

"ही डोळे मिटती," त्या म्हणाल्या.

"हो."

"हिलाच हुडकत होता का तुम्ही?"

"हो. मावशी, माफ करा. मी..."

"मापं घेता ना? घ्या मग. पळून जाईल."

त्यांनी पदर पसरून पालीवर सावली धरली. मी फूटपट्टी काढली. शेपटीचं माप मी दोनदा घेतलं. मावशी हलल्या नाहीत. फोटो काढून झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून दगड त्याच खळग्यात, होता त्याच अंगानं ठेवला. कडेला राहिलेली फट मावशींनी मातीनं बुजवली. तिला ये-जा करायला वाट लागते म्हणून मी एक बाजू मोकळी ठेवायला सांगितली, तर त्यांनी बोटानं तेवढी माती काढली.

मी कोपऱ्याकडे जायला उठले. आजी आणि नातीचा कोपरा, तिथले खालचे दगड अजून बाकी होते. मावशी तिथंच बसून राहिल्या.

"बास झालं, बाई," त्या म्हणाल्या.

"अजून तिथले राहिलेत, मावशी. आपण त्यासाठीच तर आलो. मी उचलते, तुम्ही बसा."

"नको." त्यांनी तळहातांची माती झटकली. "मघा तुम्ही वरडलात तवा माज्या जिवाचं पानी झालं. वाटलं, घावली. अन् मग वाटलं, घावली तर तिला इथनं न्यावी लागंल. अन् समदं उपसून न्हाईच घावली तर? मी दरसाली इथं येते, उंबऱ्यावर बसते. ती इथं न्हाई असं कळलं तर मग मी कुठं येऊ?"

मी बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला आणि उंबऱ्यावरची फुली पुसली. मग पुढच्या दगडावरची. मावशी उठल्या आणि पदराचा शेव ओला करून दुसऱ्या बाजूनं पुसू लागल्या. त्यांचं घर झालं, मग शेजारचं, मग ती गल्ली. पाणी संपल्यावर मी थुंकी लावून पुसल्या. काही पुसटशा राहिल्याच.

त्यानंतर मी कुठंही दगडावर खूण केली नाही. दोरी लावून चौकोन पाडले आणि त्यात जास्त वेळ घालवला. प्रबंधात त्या पालीचं पान सगळ्यांनी वाखाणलं. जागेचं वर्णन लिहिताना मी "पडीक वस्ती" असं लिहिलं, कारण तक्त्यात तेवढाच रकाना होता.

त्या संध्याकाळी आम्ही लातूरला परतलो तेव्हा पोरी खानावळीच्या दारात ताटकळत होत्या. मावशींनी हातपाय धुतले, पदर खोचला आणि परात पुढे ओढली. मी कोपऱ्यातल्या पाटावर मान खाली घालून बसले. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, आज काही मिळालं का?"

भाकरी उलटत मावशीच म्हणाल्या, "घावली की. बाईंची पाल घावली. लई खूश झाल्या बाई."

"कुठं घावली, मावशी?"

"आमच्या घरात हाय ती," मावशी म्हणाल्या. "डोळे मिटती. नीट झाकून आलो आम्ही तिला."

त्यांनी तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. मला भूक लागली होती, आणि मी ती खाल्ली.